गाडा शिवेबाहेर गेल्यावर

"हंडा गया! धावा रे कोनी, तांबाना हंडा इहिरमा गया!"

ओरडणारी आमची फुई. फुई म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला म्हणून ती माहेरी परत आली होती, आणि आमची आई गेल्यावर घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला लागल्या होत्या. ती आमच्या गावात ओरडली की पलीकडे ब्राह्मणपुरी गावातली माणसं आपापल्या विहिरीत डोकावून बघत, हंडा आपला तर नाही ना गेला म्हणून.

मी पोचलो तेव्हा हंडा तळाला जाऊन बसला होता. दोरही त्याच्या मागोमाग गेला होता. माझी धाकटी बहीण काठावरच्या दगडावर मांडी घालून बसली होती. रडत नव्हती, घाबरलेलीही नव्हती. दोन्ही तळहात उघडे धरून त्यांच्याकडे बघत होती, जणू ते तिच्याजवळ कोणी सांभाळायला दिले होते.

"काब्रं सोडा वं?" फुईनं विचारलं.

"मी नही सोडा, फुई. हातसनीच सोडी दिधा."

"हात काय शेजारीनना शेतस?"

पाणी भरणाऱ्या बाया हसल्या. बहीणही हसली, पण अर्ध्यात थांबली. हसायलासुद्धा दम लागतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

हंडा काढायला गळ टाकला. त्या गळाला हंड्याच्या आधी काय काय लागलं ते सगळं सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून दोनच वस्तू सांगतो. एक बैलगाडीचं चाक, आणि एक जिवंत कासव, ज्याच्या पाठीवर माझ्या आजोबांनी लहानपणी खिळ्यानं मारुती कोरला होता. चाकाचं कदाचित खोटं असेल. कासवाचं खरं आहे.

हे मानमोडीच्या सालचं. साहेबाची मोठी लढाई संपत आली होती आणि पावसानं पाठ फिरवली होती, त्या साली हा ताप आमच्याकडे आला. नंदुरबारला आगगाडीतून उतरला म्हणत. उतरला असेल. पण आमच्या गावापर्यंत तो चालत आला की बैलगाडीत बसून, हे कोणी पाहिलं नाही. एका आठवड्यात घराघरात माणसं आडवी झाली. मान मोडल्यासारखी दुखायची म्हणून मानमोडी. मी आणि बहीण एकाच गोधडीखाली तापलो. फुई माझ्या कपाळावर ओला फडका ठेवायची आणि उचलायची तेव्हा तो इतका कडक वाळलेला असायचा की त्यावर भाकर थापता आली असती. एकदा तिनं थापलीही, असं मी गावात पुष्कळ वर्षं सांगत होतो.

जी माणसं त्यात गेली त्यांच्याविषयी मला कधी काही वाढवून सांगता आलं नाही. तिथं माझी जीभ लुळी पडते. आमच्या गल्लीत अशी घरं झाली की दार लावायलाही आत कोणी उरलं नव्हतं. तेवढं पुरे.

दिवाळीनंतर ताप ओसरला आणि गावानं गाडा काढला. आमच्याकडची रीत अशी, की गावावर मोठं दुखणं आलं म्हणजे ती मरीमायची फेरी. तिचं मन भरलं की तिला मानानं रवाना करायचं. सुतार हातभर लांबीचा लाकडी गाडा करतो. त्यात हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, लिंबू, दहीभात ठेवायचा आणि वाजतगाजत गाडा शिवेपर्यंत ओढत न्यायचा. शिवेपलीकडे शेजारगावची माणसं उभी असतात. ती गाडा आपल्या हद्दीतून तशीच पुढच्या शिवेवर नेऊन सोडतात, पुढचं गाव त्याच्या पुढच्या. मरीमाय अशी गावोगाव पाहुणचार घेत कुठंतरी निघून जाते. कुठं, ते विचारायचं नसतं. माझा हिशेब होता की सगळे गाडे सुरतेला जात असतील, कारण वाईट वस्तू सुरतेहून येते आणि सुरतेलाच परत जाते असं फुईचं मत होतं.

गाडा गेला की घरोघर कडुनिंबाच्या पाण्यानं न्हायचं, धुतलेले कपडे घालायचे, आणि त्या दिवसापासून गावात कोणी आजारी नाही. नाही म्हणजे नाही. 'आजारी' हा शब्दच तोंडातून काढायचा नाही. काढला तर मरीमायला वाटतं, मला हाक आली. त्याहून वाईट म्हणजे शेजारगावाला वाटतं, यांनी अर्धी माय घरात ठेवून रिकामाच गाडा आमच्या हद्दीतून नेला. मग ते गाडा परत आणून तुमच्या वेशीत उभा करणार. आणि परत आलेला गाडा ज्या घरामुळे आला, त्या घराशी सोयरीक, पाणी, विस्तव सगळं बंद.

म्हणून कोणी विचारलं, पोर कशी आहे, तर उत्तर एकच: "बेस शे." बरी आहे.

मी खरोखरच बेस होतो. न्हाण्याच्या दुसऱ्या दिवशी मी चिंचेवर चढलो आणि तिसऱ्या दिवशी तिथून पडलो, म्हणजे प्रकृती पूर्ववत झाली. पण बहीण? ही तीच पोर होती जी ताप येण्याआधी वासरामागे धावत गेली की वासरू दमून थांबायचं. बोलायला लागली की फुई कानात कापूस घालायची, आणि कापूस आमच्याच शेतातला असल्यामुळे तो कमी पडत नसे. न्हाणं झालं, धुतलेलं लुगडं नेसवलं, आणि ती उंबऱ्यावर बसली ती बसलीच.

ताप नव्हता. खोकला असा नव्हता. डोळे स्वच्छ होते. पण जिना नसलेल्या घरात ती जिना चढून आल्यासारखी धापा टाकायची. मीठ आणायला आत जायची आणि आत उभी राहायची, कशाला आलो ते आठवत. संध्याकाळी पोटऱ्या दुखायच्या. फणी फिरवली की केसांचा गुंता हातात यायचा. तिला फोडणीचा वास यायचा नाही. आमच्या घरी फोडणीत नंदुरबारची मिरची पडली की तीन गल्ल्या शिंकायच्या, आणि ही चुलीपाशी बसून शांतपणे विचारायची, आज कालवण काय आहे.

आता या सगळ्याला म्हणायचं काय? एक शब्द बंद झाला म्हणून माणसं गप्प बसत नाहीत, दुसरे शब्द शोधतात. गल्लीतल्या बायांना सापडला तो आळस. आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, सापडला तो लाड. बिगरआईची पोर म्हणून आपण डोक्यावर चढवली, असं ते कष्टी होऊन म्हणत. फुईनं नाव दिलं नाही, तिनं औषध काढलं, आणि ते औषध म्हणजे काम. अंग बसून बसून जड झालंय, ते हलवलं की मोकळं होईल. तेलाची घाणी थांबली की जाम होते, तसं.

या औषधात एक फसवणूक होती, आणि ती कळायला मला बरेच दिवस लागले. मधूनच एखादा दिवस चांगला उजाडायचा. बहीण उठून अंगण झाडायची, वासराशी बोलायची, भाकर मागून खायची. फुईचा चेहरा उजळायचा. तिला वाटायचं, औषध लागू पडलं. मग त्या दिवशी ती पोरीला कापसाच्या वेचणीला न्यायची, शेणाच्या गोवऱ्या थापायला बसवायची, पाण्याच्या दोन खेपा जास्त घालायला लावायची, कारण आज जमतंय. पोरगी सगळं करायची, आनंदानं करायची. आणि दुसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडायची ती दिवसचे दिवस. फुई म्हणायची, काल तर टुणटुणीत होती, आज ढोंग करते. मला दिसत होतं की आजचं पडणं कालच्या टुणटुणीतपणाचंच आहे. पण बारा-तेरा वर्षांच्या पोराला दिसतं ते कोण ऐकतो? त्यातून मी. माझ्या तोंडून गावानं आतापर्यंत जे ऐकलं होतं त्यात तीन वाघ, एक बोलका रेडा आणि तापीच्या डोहातली सोन्याची होडी होती. मी खरं बोलायला लागलो असतो तर लोकांनी त्याला चौथा वाघ म्हटलं असतं.

तेव्हा मी विचार केला, की खरं चालत नसेल तर जे येतं तेच करावं.

हंडा विहिरीत गेला त्याच संध्याकाळी मी फुईला गंभीरपणे सांगितलं, "फुई, इहिरवरला पिंपळवर आग्या मोहोळ बठेल शे. गाडाना चाकएवढं."

"मी आज दिवसभर तठे व्हती. माले दिसनं नही."

"ते दुपारनं बठनं."

"मंग तुले काब्रं नही चावनं?"

"माले वळखतस त्या माश्या."

फुईनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. माझ्या थापा ती लहानपणापासून ऐकत आली होती आणि त्यातली एकही तिनं कधी विकत घेतली नव्हती. पण त्या संध्याकाळी तिनं ती घेतली, की घेतल्याचं दाखवलं, कोण जाणे. "मंग पानी तूच भर," म्हणाली.

आमच्यात पुरुषानं डोक्यावर हंडा घ्यायचा नसतो. मी घेतला. विहिरीवर माझ्या बरोबरीची पोरं जमली आणि त्यातला एक पदर घेतल्यासारखं करून म्हणाला, "काय वं वहिनी, सासरे कसं काय शे?" मी त्याला सांगितलं की सासू बरी आहे, पण तिला तुझ्यासारखा एक हेला पाहिजे आहे, पाणी ओढायला. मारामारी झाली. हंड्याला पोचा पडला. त्या पोच्याबद्दल मी घरी सांगितलेली गोष्ट फार चांगली होती, पण ती चारचौघांत सांगण्याजोगी नाही, इथंच सोडतो.

पाण्याचं निभावलं, पण वेचणी होती, शेण होतं, जात्यावरचं दळण होतं. एवढ्या सगळ्यांवर मोहोळ बसवता येत नाही. तोवर पौष आला आणि शेतात दादर भरायला लागली. दादर म्हणजे आमच्याकडची थंडीतली ज्वारी. चांगल्या साली ती एवढी उंच होते की आत उंट शिरला तर मालकाला दवंडी पिटून शोधावा लागतो. त्या साली पाऊस नव्हता म्हणून उंटाची मान दिसली असती. पण जी काही कणसं होती त्यांवर पाखरं तुटून पडत, आणि ती हाकायला शेताच्या मध्यावर चार खांबांचा माळा बांधत. वर बसायचं, गोफण फिरवायची, ओरडायचं. बसायचं काम. मला हेच पाहिजे होतं.

मी आबांना सांगितलं की पाखरं माझ्या आवाजाला सरावली आहेत, माझा आवाज ऐकून उलट जवळ येतात. पण बहिणीच्या आवाजाचा त्यांना धाक आहे. काल तिनं अंगणातून एक हाक मारली तर पोपटांचा थवा शहाद्याकडे गेला तो परतला नाही. आबा दुष्काळानं वाकलेले होते, कणीस न् कणीस त्यांना मोलाचं होतं. ते म्हणाले, बसव तिला.

अशी ती माळ्यावर गेली. शिडीवर मी तिला मागून आधार द्यायचो. वर गोणपाटावर ती आडवी व्हायची आणि मी खाली ज्वारीत दडून गोफण मारायचो, आणि तिच्या आवाजात ओरडायचो. बायकी आवाज मला फार छान काढता यायचा. शेजारच्या शेतातला सालदार एकदा त्या आवाजावर गाणं म्हणायला लागला होता, इतका छान.

ते दिवस मला आठवतात ते फार हळू चालणारे. ऊन कोवळं असायचं. ती वरून अधूनमधून बोलायची. मी विचारायचो, होतं तरी काय तुला? तिला सांगता यायचं नाही. एकदा म्हणाली, "भाऊ, सकायले उठस ना, तवय असं वाटस का रातभर निंदनी करीसन उनू." आणखी एकदा म्हणाली, "भाकर शे का माटी शे, समजत नही." आणि एकदा म्हणाली, "मी ढोंग करी ऱ्हायनी का रे? तुले काय वाटस?"

तिला स्वतःचाच संशय यायला लागला होता. सगळं गाव एकाच आवाजात 'बेस शे' म्हणत असेल तर नऊ वर्षांच्या पोरीनं आपल्या पोटऱ्यांवर विश्वास ठेवायचा की गावावर? मी आयुष्यात हजार थापा मारल्या आणि त्यातल्या निम्म्यांवर कोणी ना कोणी विश्वास ठेवला. ही पोर एकच खरी गोष्ट सांगत होती आणि ती तिला स्वतःलाही पटेनाशी झाली होती. मी म्हणालो, "ढोंग करानं व्हतं ते माले इचारती. तुले येत नही ते." ती हसली. पुन्हा अर्ध्यात थांबली.

एके दुपारी फुई भाकर घेऊन आली. रोज मीच घरी जाऊन आणायचो, त्या दिवशी उशीर झाला म्हणून ती स्वतः निघाली. मी तोंडाशी हात धरून पोरीच्या आवाजात 'हाऽऽ हो' करत होतो आणि मागे वळलो तर फुई उभी. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग वर माळ्याकडे पाहिलं. बहिणीचा एक हात गोणपाटाबाहेर लोंबत होता, काडीसारखा. फुई त्या हाताकडे बघत राहिली. माझ्या तोंडात तीन थापा तयार होत्या, तिन्ही चांगल्या. एकही लागली नाही. तिनं भाकरीचं फडकं बांधावर ठेवलं आणि आली तशी गेली. दुसऱ्या दिवसापासून फडक्यात गूळ आणि तुपाची वाटी यायला लागली, आणि वाटी एकच असायची.

पण फुईनंतर काही दिवसांनी आणखी कोणीतरी पाहिलं. आमच्या दादरीचा बांध शेजारगावच्या हद्दीला लागून होता. त्यांच्या गावचे म्हातारे पाटील शेतावर चक्कर मारत होते. त्यांना पोरीचा आवाज ऐकू आला, त्यांनी मान वर करून पाहिलं, तर माळ्यावर पोरगी डोळे मिटून गाढ झोपलेली. ओठ हलत नाहीत आणि आवाज तर तिचाच येतोय. मी ज्वारीत असल्यामुळे दिसलो नाही. आता शहाण्या माणसानं यातून काय काढावं? त्यांनी तेच काढलं जे आमच्या भागातल्या कोणीही काढलं असतं: पोरीच्या अंगातून दुसरंच कोणी बोलतंय. मरीमाय गेलेली नाही. ती या पोरीत बसली आहे आणि आमच्या हद्दीतून रिकामा गाडा गेला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील आमच्या अंगणात. सोबत त्यांच्या गावचे दोन गडी. आबांनी बाज टाकली, पाणी पुढे केलं. पाटील बसले नाहीत, त्यांनी पाणीही घेतलं नाही. तेव्हाच गल्ली गोळा झाली.

"तुमना गावनी माय गयी नही, भाऊ," पाटील आबांना म्हणाले. "ती या पोरमा बठेल शे. पोर झोपेल व्हती नि बोली ऱ्हायंती. मी सोता देखं."

आता बघा, मी खरं सांगितलं असतं की आवाज माझा होता, तर लगेच पुढचा प्रश्न आला असता: मग पोरगी भर दुपारी झोपली का होती? त्याचं खरं उत्तर एकच होतं आणि त्या उत्तरानं गाडा परत आला असता. खोटं सांगितलं तर मरीमाय अंगात, आणि खरं सांगितलं तरी मरीमाय घरात. मी पुढे झालो आणि म्हणालो की आमच्या घराण्यात सगळे झोपेत ओरडतात. ओरडतात कसले, कामं करतात. आमचे पणजोबा तर झोपेत नांगरायचे.

"कोनं वावर?" पाटलांनी विचारलं.

"तुमनंच. म्हनीसन ते एवढं भुसभुशीत शे."

मागून कोणीतरी फिसकलं. पाटील हसले नाहीत. "पोऱ्या," ते म्हणाले, "तुन्ही जीभ घर ठी आणि तूच बाहेर जाय." मग आबांकडे वळून त्यांनी निवाडा सांगितला. पोर बेस असेल तर तिनं सर्वांदेखत विहिरीतून हंडा ओढावा, डोक्यावर घ्यावा आणि मारुतीला फेरा घालून यावं. घातला तर आम्ही हात जोडून परत जातो. नाही घातला तर आज संध्याकाळी गाडा तुमच्या दारात.

आबांनी खाली पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते. पण पाणी-विस्तव तुटलेल्या घरातून दुष्काळ काढायचा कसा, हे त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असणार. ते बहिणीला म्हणाले, "जाशी का, बेटा? एकच फेरा."

बहीण उठली. खांबाला धरून उठली, पण उठली. कोपऱ्यातला हंडा घ्यायला निघाली. तिच्या चालण्यावरून मला कळलं की ती हे करणार. तिच्यात तेवढं होतं, एका फेऱ्यापुरतं होतं. आणि ते संपल्यावर काय होणार हेही मला कळत होतं. कारण चांगल्या दिवसानंतरचे सगळे दिवस मी मोजले नव्हते, पण पाहिले होते. प्रत्येक वेळी ती थोडी आणखी खाली जायची आणि तेवढी वर यायची नाही. मी थाप शोधत होतो. डोकं रिकामं होतं, विहिरीच्या तळासारखं, कासवसुद्धा नव्हतं.

"बठ," फुई म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला पीठ. बहीण थबकली. फुई पुढे आली, तिच्या हातातून हंडा काढून घेतला आणि तिला बाजेवर बसवलं, पाटलांसाठी टाकलेल्या त्याच बाजेवर. आमच्याकडे पाहुण्या पुरुषासमोर बाई अशी येत नाही. आणि फुई तर गावात रीत सांभाळणारी म्हणून प्रसिद्ध, न्हाणं झाल्यावर जिनं शिंकणाऱ्या पोरालाही अंगणाबाहेर काढलं होतं.

"पोर बेस नही शे," ती म्हणाली. ओरडली नाही. तिचा एवढा हळू आवाज गल्लीनं कधी ऐकला नव्हता, त्यामुळे सगळ्यांना वाकावं लागलं. "आजारी शे. ताप गया, पन जाता जाता काई तरी तिना आंगमा ठी गया. ते काय शे, माले म्हाईत नही. माय शे का काय शे, तेबी म्हाईत नही. मी तिले कामले लावं, ती जास्त पडनी. आते ती हंडा उचलाव नही. तुमले गाडा आनना व्हई ते आना. मन्हा दारमा उभा करा. मी त्याले रोज निवद दाखाडसू."

आजारी हा शब्द गावात कितीतरी दिवसांनी मोठ्यांदा उच्चारला गेला होता आणि आकाश जागच्या जागी होतं. आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. पाटील बाजेवर बसलेल्या पोरीकडे बघत होते, तिच्या विरळ झालेल्या भांगाकडे. मग ते वळले आणि निघाले. गडी मागोमाग.

बहिणीचं पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, कारण वाचणाऱ्याचा जीव तिच्यापाशी अडकलेला असणार. ती बसली. फुईनं तिला बसू दिलं. चांगला दिवस उजाडला तरी फुई म्हणायची, आज अर्धंच कर, अर्धं उद्याला ठेव. हे तिला कोणी शिकवलं नाही, बघून बघून ती शिकली. एक पावसाळा गेला, मग दुसरा. फोडणीचा वास परत आला तो एका आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पुरणपोळ्या चालू असताना. ती म्हणाली, काहीतरी करपतंय, आणि खरंच करपत होतं, आणि करपलेल्या पोळीसाठी फुईला एवढा आनंद झालेला मी कधी पाहिला नाही. वासरामागे मात्र ती पुन्हा तशी धावली नाही. पुढे संसार केला, मुलं वाढवली, पण दुपारी घटकाभर पडल्याशिवाय तिचा दिवस पुढे सरकत नसे, आणि त्यावरून तिला कोणी बोललं तर ती उत्तर देत नसे. हल्ली डॉक्टर याला अशक्तपणा म्हणतात आणि बाटली लिहून देतात. म्हणोत. एकाच गोधडीखाली दोघं तापलो होतो. मी न्हाण्याच्या दुसऱ्या दिवशी झाडावर होतो आणि तिला घरी यायला वर्षं लागली. हे असं का झालं, याची मी इतक्या वर्षांत कितीतरी कारणं रचली. माझा धंदाच तो. पण त्यातलं एकही मला स्वतःला पटलेलं नाही.

राहिली त्या सकाळची गोष्ट. पाटील वेशीबाहेर गेले तसा मी त्यांच्यामागे पळालो. गाडा कधी आणणार हे कळलं म्हणजे तोवर मला काहीतरी रचता आलं असतं. पूल वाहून गेल्याचं, निदान बैल पिसाळल्याचं. शिवेच्या दगडापाशी ते थांबले होते. गड्यांना त्यांनी पुढे पाठवलं होतं. मी काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, तुझी फुई पोरीला काय खायला घालते? मी म्हणालो, गूळ आणि तूप. ते म्हणाले, सकाळी की दुपारी? मी म्हणालो, दुपारी, झोपेतून उठली की. आणि झोपू किती देते? उठेपर्यंत, मी सांगितलं. रात्री पाय दुखतात तेव्हा काय करते? तेल चोळते, कोमट. त्यांनी मान हलवली आणि ओठातल्या ओठात ते सगळं पुन्हा एकदा म्हटलं, पाठ केल्यासारखं.

मी विचारलं, "पाटीलबाबा, गाडा कव्हय आनशात?"

त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"मन्हा नातू शे घर," ते म्हणाले. "तोबी असाच बठेल ऱ्हास."